विद्युत्भाराने बांधलेले थर



केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. सुकापूरच्या दमट पावसाळी हवेत हा प्रयोग फसतो आणि मुले हसतात. तो थंडीत करावा. याच आकर्षणावर एक नवी विद्या उभी आहे.

कार्बनच्या सूक्ष्म नळ्या केसाहून हजारो पटींनी बारीक, तरी अत्यंत बळकट असतात. पवईच्या आय. आय. टी.मध्ये कापरापासूनही त्या बनविण्याचे काम झाले आहे. परंतु प्लास्टिकसारख्या बहुवारिकात त्या नुसत्या कालविल्या, की पिठल्यात व्हाव्यात तशा गुठळ्या होतात आणि गुठळीपाशीच वस्तू तडकते. यावर उपाय थराचा. काचपट्टी धनभारित बहुवारिकाच्या द्रावणात बुडवितात, धुतात. मग ऋणभारित नळ्यांच्या पाण्यात बुडवितात, पुन्हा धुतात. धुण्याचा कंटाळा येथे चालत नाही. सैल राहिलेले द्रव्य पुढच्या पात्रात गुठळ्या करते. नवा थर बसताच पृष्ठभार उलटतो. सजातीय भार एकमेकांस दूर लोटतात, म्हणून थर बेताचाच बसतो. आणि विजातीय पुढला थर आपोआप चिकटतो.

२००२ मध्ये निकोलस कोटोव्ह व सहकाऱ्यांनी असा पापुद्रा आधारावरून सोडविला. त्याच्या वजनात सुमारे निम्म्या नळ्याच होत्या.