गोठ्याच्या पाण्यातील औषध

गोठा धुतलेले पाणी शेताला सोडावे, हे शेतकऱ्याचे जुने शहाणपण होय. परंतु अलीकडे त्या पाण्यात शेणमूत्राबरोबर औषधही वाहत असते. टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविकांचा मोठा अंश जनावराच्या शरीरातून मूळ रूपातच बाहेर पडतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेत स्टोकस्टॅड व ज्यूक्स यांनी ऑरिओमायसिनमुळे कोंबड्यांची वाढ झपाट्याने होते असे दाखविले, आणि धडधाकट जनावरांनाही अशी औषधे चारण्याचा प्रघात पडला. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर २००६ साली पूर्णपणे बंद केला.

हे औषध पाण्यात शोधणे मात्र सोपे नाही. त्याचे प्रमाण लिटरमागे कित्येकदा ग्रॅमच्या अब्जांशात असते, आणि पाणी तर चरबी, क्षार व कुजलेल्या द्रव्यांनी गढूळ! टेट्रासायक्लीन उजेडात नासते, म्हणून नमुना काळपट बाटलीत, थंड ठेवून आणावा लागतो. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमला घट्ट धरून बसते. ती पकड सोडविण्यासाठी पाण्यात ईडीटीए घालतात. गाळून घेतलेले पाणी शोषक पदार्थाच्या नळीतून सोडले म्हणजे औषध तेथे अडकते, व ते मिथेनॉलने उतरवून घेता येते. पुढे वर्णलेखनाने घटक वेगळे केले जातात आणि वस्तुमानमापक यंत्र प्रत्येक रेणू तोलून, फोडून, त्याचे तुकडेही तोलते. टेट्रासायक्लीनचा भारित रेणू ४४५ वर दिसतो, त्याचा ठळक तुकडा ४१० वर. ही जोडी म्हणजे त्या औषधाची ओळखखूणच.

तरीही यंत्राची फसगत होते. पाण्यातील घाण औषधाचा संकेत दडपून टाकते. त्यासाठी जड समस्थानिकाने चिन्हांकित केलेले तेच औषध नमुन्यात आरंभीच मोजून घालतात. त्याची जेवढी घट, तेवढी मूळ औषधाची धरावयाची. शिवाय गाळणीवर उरलेल्या गाळाला बरेच औषध चिकटलेले असते. केवळ नितळ पाणी तपासून दिलेला निर्वाळा म्हणूनच अपुरा होय.

याहून अवघड गोष्ट अशी, की औषध नाहीसे झाले तरी त्याचे काम मागे राहते. पेनिसिलिनचे वलय पाण्यात लवकर फुटते व अहवालात शून्य येते. पण त्या औषधाला पुरून उरलेले जंतू त्याच पाण्यात जिवंत असतात. कोलिस्टिन हे गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवलेल्या शेवटच्या औषधांपैकी एक. त्याला दाद न देणारे, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक चीनमधील डुकरांत व रुग्णांतही आढळल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारताने २०१९ मध्ये अन्नोपयोगी जनावरांसाठी कोलिस्टिनच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी घातली. आता काही प्रयोगशाळा सांडपाण्यात औषधाबरोबर अशी जनुकेही मोजतात.