वजनाची वही

 

आज वजनाविषयी बोलू. "तोंडावर ताबा नाही हिचा" असं ऐकलं की बाई मनात कुढते, दोन दिवस उपाशी राहते आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट जेवते. टोमण्यांनी वजन उतरत नाही. उलट लाजेपायी ती काट्यावर उभं राहायचंच टाळते आणि साखर, बीपीची तपासणीही राहून जाते.

अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच ध्येय दिलं. ७० किलोच्या बाईला ७ टक्के म्हणजे सुमारे ५ किलो. सोबत धीर देणारा माणूस होता, खाल्लेलं लिहून ठेवायची सवय लावली होती. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

लिहिणं आणि सोबत, या दोन्ही गोष्टी आपल्या गटात आहेतच. मग असं करू या.

हप्त्यासारखं खाणंही वहीत लिहू. भुकेनं खाल्लं तर गोल, कंटाळा, राग किंवा काळजीनं खाल्लं तर फुली. लिहिता येत नसलं तरी एवढं जमतं. फुल्या कधी पडतात ते आठवड्यात कळेल.

"कमी खाईन" असं मोघम ठरवू नका. "पोरांच्या ताटात उरलं, तर ते कोंबड्यांना घालीन" असं नेमकं ठरवा. फरसाणाचा डबा हाताशी ठेवू नका, वरच्या फळीवर ठेवा.

सणाला पुरणपोळी जास्त झाली, तर दुसऱ्या दिवशी उपास नको. नेहमीचं जेवा. एक हप्ता चुकला म्हणून आपण गट मोडतो का?

बैठकीत कुणाचं वजन मोठ्यानं वाचू नका. जिची वही तिच्यापाशी. फक्त विचारा, "या आठवड्यात काय जमलं?"

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या बहिणींनी आधी डॉक्टरांना विचारावं. मन सतत उदास असेल, तर आशाताईंशी बोला.

पुढच्या बैठकीला बचतीच्या वहीसोबत ही वहीही आणा.