लकडी पूल

जबलपूरच्या ग्वारीघाटावर पैलतीरी जाणारे यात्रेकरू आजही होडीत बसतात. पूर्वी नद्या ओलांडावयाच्या त्या अशाच. होडीने, नाही तर उतार पाहून. १७६० साली सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेस निघाली, तीही येथून बरेच खाली, हंडियाजवळ, नर्मदा उतरूनच गेली. मराठ्यांनी गड बांधले, घाट बांधले. पूल मात्र फारसे बांधले नाहीत. म्हणूनच पुण्याच्या लकडी पुलाचे नवल वाटते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन निघाले होते. भेलशाच्या मुक्कामी त्यांना ती वार्ता कळली. थोरला मुलगा गेला, भाऊ गेले. पेशवे पुण्यास परतले ते खचूनच, आणि २३ जूनला पर्वतीवर त्यांनी देह ठेवला. परंपरा सांगते की, परतणाऱ्या सैन्यासाठी त्यांच्याच आज्ञेने मुठेवर घाईघाईने लाकडी पूल उभा राहिला.

ही कथा थोडी पारखून घ्यावयास हवी. मुठा म्हणजे काही नर्मदा नव्हे. उन्हाळ्यात ती पायउतार होई. मग आटलेल्या नदीवर पूल कशाला? पावसाळा तोंडावर होता, हे एक उत्तर संभवते. दगडी कमानींना चुना हवा, पाथरवट हवेत, सवड हवी. लाकडाचे खांब रोवून तुळया टाकल्या की माणसे चालू लागतात. घाई होती, एवढे ते लाकूडच सांगते.

परंतु कधी ओला, कधी कोरडा राहणारा खांब कुजतो. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न येथे चौदाव्या शतकातला लाकडी पूल आहे. छपरामुळे तो पावसापासून वाचला. १९९३ साली त्याचा बराच भाग जळाला तो आगीने, आणि लोकांनी तो पुन्हा बांधला. मुठेवरचा पूल एकोणिसाव्या शतकात पुराने नेला. त्या जागी इंग्रजी अमदानीत दगडी पूल झाला. पुढे त्यास संभाजी पूल असे नावही दिले गेले. पुणेकरांच्या तोंडी मात्र लकडी पूलच राहिला.

पानिपतानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेतचे धरण फुटले. पाणी या पुलावरून गेले.