घर घेण्यापूर्वी वस्तीची पारख



भारतातून नव्याने आलेली कुटुंबे आम्हाला जे प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो : कोणत्या सबर्बमध्ये घर घ्यावे? तिथली वस्ती कशी आहे? शाळा चांगली आहे काय? हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु आपल्या समाजासाठी तो नवा आहे. गावकुसाबाहेरची जागा आपल्या पूर्वजांनी निवडली नव्हती. ती त्यांच्या माथी मारली गेली होती. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून त्यांनी पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, आणि तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. आज आपण वस्ती निवडू शकतो. म्हणूनच ही निवड ऐकीव गोष्टींवर सोडून चालणार नाही.

प्रथम सुरक्षिततेविषयी. अमुक भाग वाईट, तमुक भाग चांगला, हे आपण बहुधा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो. वास्तविक न्यू साउथ वेल्समध्ये १९६९ साली स्थापन झालेले गुन्हेविषयक सांख्यिकी व संशोधन कार्यालय, म्हणजे ‘बॉक्सार’, सबर्बवार आकडे सर्वांसाठी खुले ठेवते. व्हिक्टोरियातही अशी स्वतंत्र संस्था आहे. मात्र हे आकडे वैद्याच्या नजरेने वाचले पाहिजेत. आम्ही कोणताही दर पाहताना प्रथम छेद तपासतो. गुन्ह्यांचा दर तिथल्या रहिवाशांच्या संख्येवर काढलेला असतो; परंतु मोठे बाजारसंकुल किंवा गजबजलेले रेल्वे स्थानक असलेल्या भागात रोज बाहेरचे हजारो लोक येतात. तेथील दुकानचोऱ्या अंशात मोजल्या जातात, ती माणसे छेदात नसतात. मग दर फुगतो. मारहाणीच्या नोंदींत कौटुंबिक हिंसा वेगळी दाखवलेली असते. ती गंभीर खरीच. परंतु रस्त्यावरून घरी येणाऱ्या मुलाला किती धोका आहे, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून एकूण बेरीज न पाहता घरफोडी, लूटमार आणि घराबाहेरील मारहाण यांचे गेल्या पाच वर्षांचे आकडे स्वतंत्रपणे पाहावेत. त्यानंतर आठवड्यातील एखाद्या दिवशी रात्री आणि शनिवारी सायंकाळी स्थानकापासून त्या घरापर्यंत सहकुटुंब चालत जावे. दिवे, पदपथ, उघडी दुकाने आणि शेजाऱ्यांचे अभिवादन यांची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

आता शाळेविषयी. जानेवारी १९९७ मध्ये सिडनीच्या ‘डेली टेलिग्राफ’ने पश्चिम सिडनीतील माउंट ड्रुइट हायस्कूलच्या बारावीच्या वर्गाचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले आणि त्यांच्या गुणांवरून त्यांच्यावर अपयशाचा शिक्का मारला. ते विद्यार्थी बदनामीच्या दाव्यासाठी न्यायालयात गेले आणि पुढे वर्तमानपत्राला त्यांची माफी मागावी लागली. मुलांचा पत्ता पाहून त्यांची कुवत ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

२०१० सालापासून ‘माय स्कूल’ या शासकीय संकेतस्थळावर प्रत्येक शाळेची माहिती मिळते. तिसरी, पाचवी, सातवी आणि नववीच्या ‘नॅपलान’ चाचणीचे निकाल तिथे असतात. त्यासोबत ‘इक्सिया’ नावाचा एक अंक असतो. त्याची सरासरी १००० आहे. पालकांचे शिक्षण व व्यवसाय, शाळेचा प्रदेश आणि आदिवासी विद्यार्थ्यांचे प्रमाण यांवरून तो काढतात. पुष्कळ पालक तो शाळेचा दर्जा समजतात. वस्तुतः शाळेत कोणाची मुले येतात एवढेच तो सांगतो; शिक्षक कसे शिकवतात हे सांगत नाही. सुखवस्तू घरांतील मुलांचे गुण उंच असले, तर त्यात शाळेचे श्रेय किती? समान पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत या शाळेची मुले कुठे आहेत, हा स्तंभ पाहावा. उपस्थितीचे प्रमाण पाहावे. मग मुख्याध्यापकांची वेळ घेऊन विचारावे : इंग्रजी ही ज्यांची दुसरी भाषा आहे त्यांना कोणते साहाय्य मिळते? छळाची तक्रार आल्यास तुम्ही काय करता? न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत धर्मशिक्षणाचा तास असतो. पालकांना पाल्यास त्यातून वगळता येते आणि काही शाळांत बौद्ध वर्गही चालतात. त्याचीही चौकशी करावी.

प्रवेशक्षेत्राची सीमा रस्त्याच्या मधोमध जाऊ शकते. म्हणून दलालाच्या शब्दावर न जाता नेमका घरक्रमांक देऊन शिक्षण खात्याकडून खात्री करून घ्यावी. सिलेक्टिव्ह शाळांचे प्रवेश परीक्षेवर होतात. त्यांच्यासाठी शेजारी घर घेण्याचे कारण नाही.

भारतीयांची दाट वस्ती आपोआप सुरक्षित असते, असेही मानू नये. जिथे आडनाव विचारून अंतर राखले जाते, तिथे आपले मूल सुरक्षित कसे म्हणावे? ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या वर्णद्वेषविरोधी राष्ट्रीय आराखड्यात जातिभेदाचीही दखल घेतली आहे. घर घेण्यापूर्वी तिथे राहणाऱ्या आपल्या दोन-तीन कुटुंबांशी मोकळेपणाने बोलावे. शक्य असेल तर वर्षभर भाड्याने राहून पाहावे.

शेवटी एक वैद्यकीय सल्ला. नामांकित शाळेच्या हद्दीत घर घेतले आणि त्याचे हप्ते फेडण्यासाठी आईवडील दोघेही दुहेरी पाळी करू लागले, तर मूल शाळेतून रिकाम्या घरी येते. थकलेल्या आईबापांची उणीव कोणतीही शाळा भरून काढीत नाही. हप्ते भरूनही सायंकाळी मुलांजवळ बसता येईल, असेच घर घ्यावे. आणि जी वस्ती आपण निवडणार नाही, तिच्यात राहणाऱ्या माणसांना, विशेषतः या भूमीच्या मूळ रहिवाशांना, आपल्या मुलांदेखत कमी लेखू नये. मुले वस्तीचे मोजमाप आपल्याकडूनच शिकतात.

जय भीम! नमो बुद्धाय!