रोवणीआधी अंगाची तयारी

आमगाव भागात आता पऱ्हे टाकून झाले. ते २१ ते २५ दिवसांचे झाले की रोवणी सुरू. तेवढ्या दिवसांत आपलं अंगही तयार करावं. उन्हाळाभर गोठ्यात उभा असलेला बैल आपण पहिल्याच दिवशी दिवसभर चिखलणीला जुंपत नाही. माणसाचंही तसंच आहे.

रोज अर्धा तास झपाझप चाला. दहा-पंधरा उठाबशा काढा. धुऱ्यांची कामं थोडी थोडी वाढवत न्या. सवयीचं अंग कमी थकतं आणि लवकर सावरतं.

रोवणीत तासाभरानं बांधीबाहेर या, कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाका. तहानेची वाट न पाहता पाणी प्या. रात्री सात-आठ तास झोपा. दारूनं थकवा जात नाही, झोप मात्र मोडते.

दिवसभर वाकून रोवणी केलेल्या बाईला घरी पुन्हा चूल-पाणी असतंच. ते घरातल्या सर्वांनी वाटून घ्यावं, म्हणजे तिलाही विसावा मिळेल.

कमरेची कळ पायात उतरली, पाय बधिर झाला, तर नुसती मालिश करत बसू नका, दवाखान्यात दाखवा.