मारहाणीच्या अलीकडची हिंसा



एखादी स्त्री घरची तक्रार घेऊन पक्षाच्या शाखेत किंवा युनियनच्या कचेरीत येते, तेव्हा तिला बहुधा पहिला प्रश्न विचारला जातो : 'मारतो का?' तिने 'नाही' म्हटले की कार्यकर्त्याच्या लेखी प्रकरण अर्धे मिटते. समजुतीच्या चार गोष्टी सांगून तिला परत पाठवले जाते. कामगार चळवळीने कारखान्यातील जुलूम ओळखताना केवळ मुकादमाच्या हातातली छडी पाहिली नाही. मजुरी कोण ठरवतो, राहती खोली कोणाच्या ताब्यात आहे, कामावरून काढण्याची सत्ता कोणाकडे आहे, हेही तिने पाहिले. त्याच चळवळीचा कार्यकर्ता घराच्या उंबरठ्यावर मात्र फक्त छडी शोधतो. ही विसंगती दूर व्हायला हवी.

कायदाही हे एका पावलात शिकला नाही. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि पती व सासरच्या माणसांकडून होणारी क्रूरता गुन्हा ठरली. शरीराइतकेच मनाचे आरोग्यही त्यात धरले होते. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. परंतु ती पत्नीपुरती होती आणि तिचा भर शिक्षेवर होता. नवऱ्याला तुरुंगात धाडल्यावर बाईने रात्री कोठे झोपायचे, मुलांना काय खाऊ घालायचे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. ते उत्तर देण्याचा प्रयत्न कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याने केला. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे.

या कायद्याने हिंसेचे चार प्रकार सांगितले. पहिला शारीरिक. दुसरा लैंगिक : फौजदारी कायद्यातील बलात्काराच्या व्याख्येतून अठरा वर्षांवरील पत्नी अजूनही वगळलेली असली, तरी या कायद्यापुढे लग्नाच्या नावाखाली केलेली लैंगिक बळजबरी ही हिंसाच आहे. तिसरा शाब्दिक व भावनिक : अपमान, टोमणे, मूल होत नाही किंवा मुलगाच होत नाही म्हणून केलेली हेटाळणी, तिच्या जिवाभावाच्या माणसाला इजा करण्याच्या धमक्या. चौथा आर्थिक : घरखर्चाला पैसे न देणे, तिचे स्त्रीधन परस्पर विकणे, ज्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे त्याचे दार तिच्यावर बंद करणे. हे संरक्षण केवळ पत्नीला नाही. एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा सून, तसेच लग्नासारख्या नात्याने राहणारी स्त्री, या सर्वांना ते आहे.

या चौघांमधला दुवा नीट ध्यानात घ्यावा. घरकामाला जाणाऱ्या एखाद्या बाईचा पगार दर महिन्याला नवरा काढून घेतो. तिला माहेरी जाण्याची मनाई आहे. शेजारणीशी बोलली की संशय घेतला जातो. 'घर माझ्या बापाचे आहे, बाहेर काढीन', हे वाक्य ती रोज ऐकते. अशा घरात हात उगारण्याची गरजही पडत नाही. हातात दमडी नाही, डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, ही जाणीवच तिला गप्प बसवायला पुरेशी असते. मार बसतो तो बहुधा ती गप्प बसण्याचे नाकारते तेव्हा. म्हणून 'अजून मारलेले नाही' हा हिंसा नसल्याचा पुरावा नव्हे.

या गप्प बसण्याचे मोजमापही उपलब्ध आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागितली फक्त १४ टक्के जणींनी. ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कोणापाशी ब्रही काढला नाही. काही कारणांसाठी पतीने मारणे योग्यच, असे मानणारे पुरुष ४४ टक्के होते, स्त्रिया ४५ टक्के.

दारू आणि दारिद्र्य हीच याची कारणे, एवढे म्हणून कित्येक जण मोकळे होतात. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात शहादा भागातील आदिवासी श्रमिक स्त्रिया याच्या पुढे गेल्या. जमिनीच्या व मजुरीच्या लढ्यात उतरलेल्या या बायकांनी दारूचे गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्यांना गावासमोर जाब विचारला. आधी मजुरीचा लढा, घरातला प्रश्न नंतर, असा क्रम त्यांनी लावला नाही.

तेव्हा कार्यकर्त्याने काय करावे? 'मारतो का' याबरोबरच त्याने विचारावे : पैसे कोणाच्या हाती असतात? घराबाहेर जाताना परवानगी लागते का? भीती कशाची वाटते? हिंसा होत आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि सद्हेतूने कळवणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही, हे त्याला ठाऊक असावे. १८१ हा मदतीचा क्रमांक शाखेच्या भिंतीवर असावा. दंडाधिकारी संरक्षणाचा, निवासाचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. सासूसासऱ्यांच्या नावावरील घरही सामाईक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

कायद्याचा दुरुपयोग होतो, ही ओरड सभांतूनही ऐकू येते. या कायद्याखालील पहिला उपाय अटक नसून आदेश आहे. संरक्षणाचा आदेश मोडला, तरच एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असा प्रसंग येतो. मारू नको आणि घराबाहेर काढू नको, एवढ्या आदेशाची ज्याला धास्ती वाटते, त्याची बाजू घेण्यापूर्वी कार्यकर्त्याने क्षणभर थांबावे.

तडजोड घडवण्याची हौस आपल्या शाखांना फार. तडजोड अवश्य व्हावी. पण बाईची तशी इच्छा असेल तेव्हाच, आणि तिच्या हाती पैसा व डोक्यावर छप्पर यांची हमी मिळाल्यावरच. त्या हमीवाचून तिला परत धाडणे म्हणजे संप मोडून कामगाराला विनाअट कामावर पाठवण्यासारखे आहे. आणि हाच प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याच्या स्वतःच्या घरालाही लागू आहे. सभेत समतेचा ठराव मांडणाऱ्याच्या पत्नीला तिच्या कमाईचा हिशेब मागता येतो की नाही, याचे उत्तर ठरावाच्या मसुद्यात सापडणार नाही. ते तिलाच विचारावे लागेल.