सातबाऱ्यावरचा इतिहास

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



शाळेच्या वेळापत्रकात इतिहासाचा तास बहुधा जेवणाच्या सुट्टीनंतर असतो. गणित आणि विज्ञान सकाळच्या ताज्या डोक्याला, इतिहास दुपारच्या पेंगेला! दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून लेखी परीक्षा चाळीस गुणांची. त्यामुळे पालकही म्हणतात, ‘शेवटच्या आठवड्यात सनावळ्या पाठ करून घे म्हणजे झाले.’ मुलांना शिवरायांच्या गोष्टी आवडतात, कारण त्या घरात, गणपतीच्या देखाव्यात आणि शाळेच्या सहलीत भेटत राहतात. पण आधुनिक भारताचा इतिहास, म्हणजे जो काळाने आपल्या सर्वांत जवळ आहे, तोच त्यांना सर्वांत लांबचा वाटतो. १८५७, १९०५, १९२०, १९३०, १९४२, १९४७ अशी एक आगगाडी वर्गातून धडधडत जाते आणि मुले फलाटावर उभी राहून नुसते डबे मोजतात.

ही गाडी मुलांच्या स्टेशनावर थांबवता येईल का, या प्रश्नावर आज मी बोलणार आहे. उदाहरण घेणार आहे नवी मुंबईतल्या पावणे गावाचे. मी याच परिसरात आठवी ते दहावीला इतिहास शिकवते.

पावणे म्हटले की बहुतेकांना ठाणे-बेलापूर रस्ता आणि एमआयडीसीचे कारखानेच आठवतील. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी आणि मध्ये ही औद्योगिक पट्टी. वरवर पाहिले तर इथे इतिहास नाही. किल्ला नाही, लेणे नाही, कुणा राजाची समाधी नाही. ‘बाई, आपल्या गावात काही घडलेच नाही,’ असे मुले म्हणतात. मी त्यांना एकच प्रश्न देते आणि घरी पाठवते. प्रश्न असा: आपले घर या गावात कधी आले आणि का आले? ज्यांचे घर मूळचे इथलेच आहे, त्यांनी विचारायचे: आपली शेती कधी गेली आणि कशी गेली?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर वर्षे लिहायला लागलो की एकेक डबा उघडू लागतो. एका मुलीचे आजोबा भातशेती करणारे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर या पट्ट्यातल्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या. दुसऱ्या मुलाचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून निघाले आणि दगडखाणीवर कामाला लागले. तिसरीचे वडील माथाडी. मुंबईचे घाऊक बाजार १९८० नंतर टप्प्याटप्प्याने तुर्भे-वाशीकडे हलले, त्यांच्यामागून ते कुटुंब आले. चौथ्याचे आजोबा गिरणी कामगार. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणी सुटली आणि एमआयडीसीत मिळेल ते काम धरले. पाचव्याचे वडील उत्तर प्रदेशातून आलेले, १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर बदललेल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे.

श्रोतेहो, आता ही वर्षे क्रमाने लावून पाहा. नियोजनातून आलेले औद्योगिकीकरण, दुष्काळ आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना, १९६९ चा माथाडी कायदा, गिरणी संप, उदारीकरण. स्वतंत्र भारताच्या इतिहासातली ही मोठी प्रकरणे एका वर्गाच्या हजेरीपटावर बसलेली असतात. २०१७ साली राज्य मंडळाचे नववीचे जे पुस्तक आले, त्यात १९६० नंतरच्या भारतावरच भर होता. हा स्वागतार्ह बदल होता. पण पुस्तकातला ‘आर्थिक विकास’ हा धडा आणि शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचे घर यांचा संबंध शिक्षकाने लावून दिला नाही, तर तो धडाही सनावळीच होतो.

दुसरे साधन मी वापरते ते सातबाऱ्याचे. आगरी-कोळी घरांतून पत्र्याची एखादी जुनी पेटी असते. तिच्यात पिवळे पडलेले उतारे, शेतसाऱ्याच्या पावत्या, फेरफाराच्या नकला, भूसंपादनाच्या नोटिसा असतात. मुलांनी त्या आणायच्या नाहीत, कारण ते घराचे महत्त्वाचे कागद आहेत. वडीलधाऱ्यांच्या परवानगीने त्यातले काय वाचता येते तेवढे वहीत उतरवून आणायचे. एका जमिनीचे फेरफार वाचत मागे गेले, की काय दिसते? आधी मालक म्हणून एखाद्या सावकाराचे वा खोताचे नाव आणि कसणाऱ्याचे नाव कुळाच्या रकान्यात. मग १९४८ चा कुळकायदा. मग १ एप्रिल १९५७, म्हणजे कृषक दिन. त्या दिवसापासून कायद्याने कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. पुढे किंमत भरल्यावर मिळालेले ‘बत्तीस म’चे प्रमाणपत्र. आणि नंतर थोड्याच वर्षांत त्याच जमिनीवर औद्योगिक महामंडळाचे किंवा सिडकोचे नाव!

एका आजोबांच्या हयातीत ते कूळ होते, मालक झाले आणि प्रकल्पग्रस्त झाले. या तीन शब्दांत देशाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. मुलांना मग आपोआप मागे जावेसे वाटते. कुळकायदा आला कुठून? तेव्हा मी त्यांना अलिबागजवळच्या चरी गावात नेते. १९३३ साली तिथल्या शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेतकऱ्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्याचा लढा म्हणजे केवळ इंग्रजांना घालवणे नव्हते, जमीन कुणाची हा प्रश्नही त्यात होता, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

याच उताऱ्यांवरून एकदा एका मुलीने विचारले, ‘बाई, शेतात लावणी आजीच करायची, मग उताऱ्यावर आजीचे नाव कुठेच का नाही?’ वर्गात क्षणभर शांतता पसरली. त्या एका प्रश्नावर पुढचे दोन तास झाले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा, १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत दिलेला सहहिस्सा, २००५ साली देशभर झालेली दुरुस्ती आणि तरीही घराघरांत बहिणींकडून लिहून घेतली जाणारी हक्कसोड पत्रे. महिलांच्या सक्षमीकरणावरचा धडा मी याहून चांगला शिकवू शकले नसते.

आता अवघड भागाकडे येते. आधुनिक इतिहास शिकवताना शिक्षक बिचकतात, कारण तो अजून थंड झालेला नसतो. पानिपतावर वर्गात भांडण होत नाही. पण भूसंपादनावर होते. एक मुलगा म्हणतो, ‘आमच्या जमिनी घेतल्या, आम्ही देशोधडीला लागलो.’ त्याच बाकावरचा दुसरा म्हणतो, ‘कारखाना आला नसता तर माझे बाबा उपाशी मेले असते.’ दोघेही खरेच बोलत आहेत. इथे शिक्षकाने काय करायचे? विषय बदलायचा? एकाची बाजू घ्यायची?

मी फळ्यावर तीन रकाने आखते. काय घडले, कोण काय म्हणते आणि हे आपल्याला कशावरून कळले. उदाहरणार्थ, जासई. सिडकोची स्थापना १९७० सालची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. हा पहिला रकाना, याबद्दल वाद नाही. पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व सिडको क्षेत्रात आले, त्याची मुळे या लढ्यात आहेत. दुसऱ्या रकान्यात मात्र मुले आपापल्या घरचे लिहितात. मोबदला पुरेसा होता का, शहर हवे होते का, गावांना काय मिळाले, शहराला काय मिळाले. आणि तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. आजोबांनी सांगितले, नोटीस पाहिली, वर्तमानपत्राचे कात्रण मिळाले, कुणीतरी म्हणाले. ‘कुणीतरी म्हणाले’ याला किती किंमत द्यायची हे मुले स्वतःच ठरवू लागतात. मोबाइलवर दिवसभर जे येऊन आदळते, त्याच्याशी वागायची सवयही इथेच लागते.

जासईच्या आधी त्याच तालुक्यातले चिरनेर मी मुद्दाम शिकवते. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांत नाग्या कातकरीही होते. त्या गोळीबारात सरकारी कामावर आलेले मामलेदार जोशीही मरण पावले. एकाच तालुक्यात त्रेपन्न वर्षांच्या अंतराने दोन गोळीबार. एक परक्या सरकारच्या काळात, एक आपल्या. मुले विचारतात, ‘मग फरक काय झाला?’ हा प्रश्न दाबू नये. फरक आहे, आणि तो मुलांनीच शोधावा. दुसऱ्या लढ्याचे नेते निवडून येत होते, विधिमंडळात बोलू शकत होते आणि लढ्यानंतर धोरण बदलले. पण साम्यही आहे. सिडकोसाठी जमिनी घेतल्या गेल्या त्या १८९४ च्या, म्हणजे इंग्रजांच्या भूसंपादन कायद्याखाली. त्याची जागा घेणारा नवा कायदा थेट २०१३ साली झाला. मिळकतीचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून निघाला आणि साधा कायदेशीर हक्क म्हणून उरला. हे सांगितले की राज्यशास्त्राचे पुस्तकही वेगळे काढावे लागत नाही.

काही शिक्षकबंधू म्हणतात, ‘हे सगळे ठीक, पण पोर्शन कधी संपवायचा?’ त्यांची अडचण मी जाणते. वर्गात साठ मुले असतात, निवडणुकीची नि जनगणनेची कामे असतात. म्हणूनच मी वर्षभर हे करा असे सांगत नाही. वर्षाकाठी सहा-सात तास पुरतात. एक तास प्रश्न ठरवायला, दोन तास उत्तरे मांडायला, दोन तास पुस्तकातल्या धड्याशी सांधा जुळवायला, आणि जमल्यास एक तास गावातल्या एखाद्या वृद्धाला वर्गात बोलवायला. एवढे केले की उरलेला धडा मुले स्वतः वाचतात, असा माझा अनुभव आहे.

एक धोकाही सांगते. गावचा इतिहास शिकवताना गावचा अभिमान एवढाच उरू नये. ‘आम्ही मूळचे आणि तुम्ही उपरे’ असे वर्गात एकदा जरी रुजले, तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून माथाड्याच्या मुलीचे १९८० आणि भूमिपुत्राच्या मुलाचे १९६२ ही दोन्ही वर्षे फळ्यावर एकाच आकाराच्या अक्षरात लिहावीत.

आणि ही घाई कशासाठी? इतिहासाचार्य राजवाडे जुन्या घरांतून दप्तरे गोळा करीत गावोगाव हिंडले, कारण कागद वाळवीच्या आणि रद्दीच्या आधी गाठायचे होते. आज आपल्याही गावठाणांत तीच वेळ आली आहे. जुनी कौलारू घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. घर पाडताना पत्र्याची पेटी कुठे जाते, हे कुणी विचारत नाही. खाजणातली भाताची शेती, बांध घालून खारे पाणी अडवणे, खाडीतली मासेमारी हे सगळे स्वतः केलेले लोक आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांनी कुणाला मुलाखत दिलेली नाही, कारण कुणी मागितलीच नाही. शाळेतली चौदा वर्षांची नातच त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचू शकते.

२०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून मानवी साखळी झाली, तेव्हा इथली कितीतरी मुले आईवडिलांबरोबर रस्त्यावर उभी होती. त्यांतल्या काहींना घोषणा येत होत्या, पण हे दि. बा. कोण, हे सांगता येत नव्हते. घोषणा घरून मिळते. तिच्यामागचे कारण समजावून देणे, आणि ते पटले नाही तर विचारायचे धैर्य देणे, हे शाळेचे काम आहे.

पालकांना एवढीच विनंती करते. तुमचा मुलगा किंवा मुलगी वही घेऊन येईल आणि विचारेल, ‘आपण इथे कधी आलो? का आलो?’ तेव्हा ‘अभ्यास कर’ म्हणून त्याला परत पाठवू नका. हाच अभ्यास आहे. आठवेल तेवढे सांगा, नसेल आठवत तर दोघे मिळून आजीला विचारा. पेटी उघडा. आणि कागद पुन्हा नीट घडी घालून ठेवा.